खाचरातला ताशा

तुमचा तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. हिरव्या मैदानावर पसरलेली पांघरुणं, रंगीत तंबू, लांब कुठेतरी गिटार वाजवणारी मुलगी, आणि तुम्हा दोघांचे वाघासारखे रंगवलेले चेहरे. शेवटी धाकटीने कॅमेऱ्यात नाक घालून विचारलं, "आजी, तुमच्याकडे असं असतं का?" आणि फोन बंद झाला. म्हणून उत्तर लेखी देते. तुमची आई वाचून दाखवेल. तिला सांगा, भरभर वाचायचं नाही.

असतं. यंदाच्या मे महिन्यात पहिल्यांदाच झालं, आणि ते घडवून आणणाऱ्यांत मी होते. ते जवळजवळ मोडलंही माझ्यामुळेच. ते कसं, हेही सांगते, कारण आजीच्या चुका तुम्हाला आजीच्या गोष्टींपेक्षा जास्त आवडतात हे मला माहीत आहे.

आधी जागा. आम्ही महाडात राहतो, पण आजोबांचं मूळ गाव पोलादपूरच्या पुढे, उमरठकडे जाणाऱ्या रस्त्याला आत आहे. तिथे आपली भाताची खाचरं आहेत. खाचर म्हणजे लहानसं शेत. डोंगराच्या उतारावर ती पायऱ्यांसारखी एकाखाली एक उतरतात आणि प्रत्येकाला कडेने मातीचा बांध असतो. दिवाळीच्या आसपास भात कापलं की पाऊस येईपर्यंत ती कोरडीच पडून असतात. थोरल्या, तू चार वर्षांचा असताना एका बांधावरून दुसऱ्यावर उड्या मारत खाली ओढ्यापर्यंत गेला होतास आणि वर चढताना रडला होतास. तीच जागा.

मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात. लग्नं, पूजा, सत्यनारायण, आणि प्रत्येक मांडवात भिंतीएवढे स्पीकर. तान्ही मुलं दचकून उठतात, म्हातारी माणसं खिडक्या लावून घेतात. एकदा अशाच आवाजात आमच्या ओटीवर चहा पिताना शेजारचे चाचा म्हणाले, "भाभी, गाणं ऐकायला कानात बोळे घालावे लागतात, हे कसलं गाणं?" चाचा बरीच वर्षं आखातात ट्रक चालवत होते. आता त्यांचे महाडात दोन टेम्पो आहेत. आजोबा म्हणाले, "आपली खाचरं रिकामी आहेत. स्पीकर नाही, स्टेज नाही. ज्याला गाता येतं त्याने खालच्या खाचरात गावं, बाकीच्यांनी बांधावर बसून ऐकावं." दोघेही बोलून मोकळे झाले. वही मी काढली.

छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर माणसाला वहीशिवाय विचार करता येत नाही. मी दिवस ठरवला, मे महिन्यातला दुसरा रविवार. वेळ ठरवली, दुपारी चार ते संध्याकाळी सात. कार्यक्रमपत्रिका केली, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. आणि नियम लिहिले. एक, गाड्या वर रस्त्यावरच. दोन, कचरा आपापल्या पिशवीत. तीन, तंबाखू नाही. चार, खाचरात विस्तव नाही, कारण सगळीकडे वाळलेलं गवत आणि भाताची धसकटं. पाच, गाणं चालू असताना फोनवर बोलणं नाही. आजोबांनी यादी वाचून विचारलं, "हसायला परवानगी आहे ना?"

आता जिच्यामुळे हे सगळं लिहिते आहे तिच्याकडे येते. ओढ्यापलीकडच्या वाडीत एक ताई अंगणवाडी चालवते. तिशीची असेल. तिला रोज मोबाइलवर मुलांची वजनं-उंची भरावी लागते आणि मध्येच इंग्रजी सूचना येतात. मी शनिवारी शेतावर गेले की ती फोन घेऊन येते. "मॅडम, ह्यानं परत सबमिट नाय म्हणलं." मग आम्ही दोघी बांधावर बसून फोनची समजूत घालतो.

तिच्या सासऱ्यांची सनई साऱ्या पंचक्रोशीत ओळखीची आहे. त्यांच्या वाडीचा खालू बाजा आहे, म्हणजे एक सनई, दोन ढोल, एक ताशा आणि झांजा. शिमग्याला पालखी घरोघरी नाचते तेव्हा पुढे हा बाजा असतो. त्यांचा ताशेवाला दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी मुंबईला गेला, आणि गेल्या दोन्ही शिमग्यांना त्याला सुट्टी मिळाली नाही. वाडीला दुसऱ्या गावचा ताशेवाला आणावा लागला. सासऱ्यांना ते फार लागलं. सुनेचा हात त्यांनी अंगणवाडीत पाहिला होता. मुलांना खाऊसाठी ओळीत बसवताना ती स्टीलच्या ताटावर वाजवते, आणि तीस पोरं बघता बघता खाली बसतात. ताशेवाला गेला त्याच वर्षापासून, दोन पावसाळे, संध्याकाळी पडवीत बसून त्यांनी तिला ताशा शिकवला. त्यांच्या वाडीत बाईने बाजा वाजवल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. पण मनाई आहे असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मी एकदा ओढा ओलांडून तिच्याकडे गेले तेव्हा ते ऐकलं. ताशाचा आवाज तुम्हाला कसा सांगू? पत्र्यावर करवंदं ओतावीत तसा, पण मोजून. तिचा नवरा पहिली पाळी करून महाडच्या औद्योगिक वसाहतीतून नुकताच आला होता. कंपनीच्या निळ्या शर्टातच पायरीवर बसून ऐकत होता. मला म्हणाला, "मला बापानं लहानपणी शिकवायला घेतलं, दोन महिन्यांत सोडून दिलं. हिचा हात माझ्यापेक्षा साफ हाय."

तिला शिमग्याला पालखीपुढे वाजवायचं होतं. तिने मला स्पष्ट सांगितलं, "मॅडम, तुमच्या शेतात एकदा सगळ्यांसमोर वाजवलं, की शिमग्याला नाय म्हणायला कुणाला तोंड राहणार नाय. सासरे गावकीत बोलणार हायत. हळूहळू." गावकी म्हणजे वाडीतल्या सगळ्या घरांची बैठक. बाजा देवाचा, म्हणजे गावकीचा. तो बाहेर न्यायचा तर गावकीचा शब्द लागतो.

मी 'बोलणार आहेत' हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात ते 'बोलले' असं नोंदवलं गेलं. 'हळूहळू' तर मी ऐकलंच नाही. त्या रात्री पत्रिकेत लिहिलं: पाच वाजून वीस मिनिटं, खालू बाजा. आणि खाली ठळक अक्षरात: प्रथमच, ताशावर महिला वादक, तिचं नाव, वाडीचं नाव. चाळीस प्रती छापून घेतल्या, फोटो काढला, आणि ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवून दिला. वर तीन उद्गारचिन्हं. मुलांच्या निबंधात मी आयुष्यभर एकापेक्षा जास्त उद्गारचिन्हं खोडत आले आहे.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज खाली.

"मॅडम, तो कागद कुणाकुणाला धाडलात?"

"सगळ्यांना," मी खुशीत म्हणाले.

"मानकऱ्यांपर्यंत पोचला. त्यांनी बाजा देवळाच्या माळ्यावर चढवला नि कुलूप घातलं."

"आणि सासरे?"

"पडवीत बसलेत. बोलत नायत. तुमच्याशी पण नि माझ्याशी पण."

मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "शाळेत तू आधी हजेरी लावायचीस आणि मग मुलांना वर्गात बोलवायचीस का?" मी आत जाऊन भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली.

चाचा संध्याकाळी आले. त्यांना सगळं माहीत होतंच, त्यांच्या टेम्पोवाल्याने तो कागद पाहिला होता. "भाभी," ते म्हणाले, "आमच्यात लग्नाचं आवतण नुसत्या पत्रिकेवर होत नाही. आधी घरी जाऊन बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, मग पत्रिका. तुम्ही पत्रिकाच दारावर फेकलीत."

"मी फेकली नाही. पाठवली."

"फोनवर पाठवलेलं फेकल्यासारखंच असतं. नारळ घ्या आणि जा. उद्याच. मी सोडतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि आजोबा नारळ, विडा आणि खडीसाखर घेऊन वाडीच्या देवळात गेलो. चाचा खाली टेम्पोत थांबले. सभामंडपात पंधरा-वीस पुरुष बसले होते, बायका पायऱ्यांवर. ताईही तिथेच होती, तिची लहान मुलगी मांडीवर. सासरे एका खांबाला टेकून, नजर जमिनीवर. मधोमध मानकरी, म्हणजे देवाचा पहिला मान ज्यांचा आणि गावकीत ज्यांचा शब्द चालतो ते. सडपातळ, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. चाळीस वर्षं मुंबईत एका गोदामाच्या दारावर नोकरी करून ते गावी परतले होते.

मी नारळ पुढे ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बाय," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी गेटावर होतो. गेटपास नसला तर मालकाच्या पोराचं खोकं पण मी बाहेर जाऊ दिलं नाय. तुम्ही तर आमची सून नि आमच्या देवाचा बाजा, दोन्ही गेटपासाशिवाय बाहेर काढलीत. सिस्टीम असते ना?"

"असते," मी म्हणाले.

"मग? तुम्ही आधी छापलंत नि मग इचारायला आलात."

"हो. चूक माझी आहे. तिची नाही आणि तिच्या सासऱ्यांची तर नाहीच. ते तुमच्याशी बोलणार होते. मी थांबले नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमची चूक झाली की बाई बाकावर उभं करायच्या!" पाहिलं तर महाडच्या शाळेतला माझा एक विद्यार्थी, आता टक्कल पडलेला. सभामंडपात हशा पिकला.

"सांग, कुठल्या बाकावर उभी राहू?" मी विचारलं.

"बाय, तुमचं वय बघता बसूनच राहा," एक म्हातारी पायरीवरून म्हणाली, "पडलात तर डॉक्टरला पोलादपूरला न्यायचं कुणी?" पुन्हा हशा. मानकरी हसले नाहीत, पण त्यांनी नारळ उचलून देवापुढे ठेवला.

"बाजा येल," ते म्हणाले. "आमचा ताशेवाला सुट्टीवर येतोय मुंबैहून. तो वाजवील. सुनेचं मागाहून बघू."

"मागाहून म्हणजे कधी?"

आजोबांनी माझा पदर हळूच ओढला.

"मागाहून म्हणजे मागाहून," मानकरी म्हणाले.

ताई आम्हाला ओढ्यापर्यंत सोडायला आली. "बाजा तर येतोय ना मॅडम," ती म्हणाली. "मी नाय वाजवला तरी काय." बोलताना कडेवरच्या मुलीच्या पाठीवर तिची बोटं वाजत होती. मला कळत होतं की तिची एकच वाट होती आणि ती मी बुजवली. आता सगळ्यांसमोर जुना ताशेवाला वाजवेल, पुढच्या शिमग्याला तो येणार नाही, पुन्हा बाहेरचा माणूस येईल, आणि 'मागाहून' तसंच पुढे पुढे जात राहील. घरी आल्यावर चाळीसच्या चाळीस प्रतींवरची ती ठळक ओळ मी पेनाने खोडली. रेघा पट्टीने मारल्या. त्याशिवाय त्या दिवशी हातात दुसरं काही नव्हतं.

तो रविवार उजाडला. दुपारी तीनपर्यंत ऊन असं होतं की बांधाला हात लावला तर भाजत होता. मग नेहमीप्रमाणे खोऱ्यातून वारा वर चढला आणि माणसं येऊ लागली. चाचांच्या टेम्पोतून सतरंज्या आणि पाण्याची पिंपं उतरली. चाचींनी कोकम सरबताच्या दोन कळश्या पाठवल्या होत्या. धूळ उडू नये म्हणून मी खालच्या खाचरात पाणी शिंपडून घेतलं. वाद्यांना ऊन लागू नये म्हणून आंब्याखाली पिंपांच्या शेजारी ओल्या गारव्यात त्यांची जागा केली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चार वाजता बांध भरले होते. वरच्या बांधावर आज्या, त्याखाली गोधड्यांवर तान्ही मुलं, त्याखाली जमेल तिथे सगळे. तुमच्याकडे चेहरे रंगवतात, आमच्याकडे जिभा रंगल्या होत्या. जांभळं आणि करवंदं खाऊन प्रत्येक पोराचं तोंड जांभळं. एकमेकांना जिभा काढून दाखवायची स्पर्धाच लागली होती.

पहिल्यांदा शाळेच्या मुलांची गाणी झाली. मग बायकांचं भजन. मग महाडच्या एका शिक्षकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पाण्याची गाणी म्हटली. दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा समुद्र जमतो, तेव्हा ते गातात ती. ते गाताना ओंजळ वर उचलत होते आणि वरच्या बांधावरच्या एका आजीने, कुठल्या गावची कोण जाणे, आपलीही ओंजळ वर केली. चाचांच्या मोहल्ल्यातले चौघे डफ घेऊन आले होते, लग्नातली गाणी गायला. त्यांच्या ठेक्यावर एक दोन वर्षांची मुलगी खाली पडेपर्यंत गोल गोल फिरली आणि पडल्यावरही हात हलवत राहिली. सगळं माझ्या घड्याळाप्रमाणे चाललं होतं. मी फार समाधानी होते.

पाच वीस झाले. वाडीची माणसं खालच्या खाचरात उतरली. मुंबईचा ताशेवाला गळ्यात ताशा अडकवून, एका हातावर आपलं सात-आठ महिन्यांचं बाळ. बायकोला माहेरचं कुणी भेटलं होतं, तेव्हा बाळ त्याच्याकडे. त्याने ताशावर छडी मारली. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारावी तसा आवाज आला. कातडं पार सैल पडलं होतं. माझ्या गारव्याने.

"शेकवायला हवा," ताईचे सासरे म्हणाले. किती तरी दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकला.

कुणीतरी मूठभर वाळलं गवत गोळा केलं, काडी ओढली, आणि खणखणीत शिटी वाजली. माझा दुसरा एक विद्यार्थी, एका औषध कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. तिथे गेटवरच काडेपेटी काढून घेतात. मीच त्याला कडेला उभं केलं होतं. "विस्तव नाही!" तो धावत आला. "नियम चार. बाईंनी लिहिलाय."

"शेकवल्याबिगर ताशा वाजत नाय, साहेब."

"नियम म्हणजे नियम. सुकं गवत आहे सगळं. एक ठिणगी पुरे."

"मग नाय वाजवत," मानकरी शांतपणे म्हणाले. "चला रे. बाजा उचला."

वाडीची माणसं खरंच वाद्यं उचलू लागली. बांधांवर कुजबुज सुरू झाली. मी सर्वांत वरच्या बांधावर होते. मी किती वेगाने खाली आले ते आजोबांना विचारा. ते अजून नक्कल करतात.

"थांबा," मी म्हणाले. विद्यार्थ्याला सांगितलं, "नियम चूक आहे. मी लिहिताना ताशाचा विचार केला नव्हता. तू बरोबर आहेस, पण नियम चूक आहे." मी पाण्याने भरलेली बादली उचलून आणली आणि त्या गवताशेजारी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. "पेटवा. मी इथेच आहे."

तो बिचारा गोंधळला, मग धावत जाऊन त्यानेही दुसरी बादली आणली. गुरुशिष्य आम्ही दोघं, दोन बाजूंना, बादल्या घेऊन. माझ्या बादलीतलं पाणी डचमळून माझ्याच पायांवर सांडत होतं. मानकरी माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

गवत पेटलं. ताशेवाल्याने ताशा आगीवर धरला, पण एका हातावर बाळ, आणि मुंबईत तो ढोल-ताशा पथकात प्लॅस्टिकच्या पानाचा ताशा वाजवतो, जो खिटी पिळली की चढतो. कातडं किती तापवायचं हे त्याचा हात विसरला होता. एकदा कमी झालं, एकदा धूर यायला लागला.

"जळेल ते!" ताई पुढे आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने त्याच्या हातून ताशा घेतला, आगीपासून वीतभर वर धरला, फिरवला, बोटाने टिचकी मारली, कान लावला, पुन्हा फिरवला. टिचकी. पुन्हा. प्रत्येक टिचकीला आवाज वर चढत होता. शेवटच्या टिचकीला तो आवाज आला, करवंदांचा. सासऱ्यांनी मान वर केली.

तिने ताशा ताशेवाल्यापुढे धरला. तो बाळ सावरत म्हणाला, "अगो, मी हा पोरगा कुठं ठेवू? आता चढवलास तर वाजव की तूच!" आणि पट्टा तिच्याच गळ्यात अडकवला.

ती तशीच उभी राहिली. छड्या हातात, नजर मानकऱ्यांकडे. तिच्या नवऱ्याची त्या दिवशी पहिली पाळी होती. तो निळ्या शर्टातच खालच्या बांधावर उभा होता, आणि तोही तिकडेच बघत होता. मी बादली खाली ठेवायची विसरले होते.

"गाऱ्हाण्याआधी बाजा वाजत नाय," मानकरी म्हणाले.

ते पुढे झाले, चपला काढल्या, वाडीच्या देवळाच्या दिशेने तोंड केलं आणि हात जोडले. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने बोलून मागितलेलं मागणं. एक माणूस म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे होकार भरतात. एरवी दारावर पहारा करणाऱ्याचा तो आवाज आता वेगळाच, लांब जाणारा झाला.

"बा देवा महाराजा, आज तुझा बाजा आम्ही वाडीबाहेर आणला हाय."

"व्हय महाराजा!" वाडीचे लोक.

"तुझी लेकरं हितं जमलीत, आपली, परकी, लहान, म्हातारी, सगळ्यांना सुखरूप घरी ने."

"व्हय महाराजा!" आता बांधावरची मुलंही ओरडली, जांभळ्या तोंडांनी.

मानकऱ्यांनी जोडलेले हात कपाळापर्यंत नेले.

"नि महाराजा, आमचा ताशेवाला पोटासाठी लांब गेला. आज आमच्या घरची सून ताशा वाजवत हाय. तिच्या हाताला यश दे. चुकली तर सांभाळून घे."

मला वाटतं वाडीची माणसं एक श्वास उशिरा बोलली. पण पहिला होकार वरच्या बांधावरून आला, देवळाच्या पायरीवरून मला बसूनच राहा म्हणणाऱ्या त्या म्हातारीचा. "व्हय महाराजा!" मग सगळ्यांचा. चाचांचाही, मी ऐकला. माझाही. चूल विझवताना निखारे तपासावेत तसे मानकऱ्यांनी चारही बाजूंना एकदा पाहिलं आणि हात खाली केले.

सनई सुरू झाली. मग ताशा.

सुरुवातीला तिचा हात जरा घाईत होता. सासऱ्यांनी सनई तोंडात असतानाच भुवया उंचावल्या आणि ती सावकाश झाली. त्यानंतर चुकली की नाही मला कळलं नाही, कारण मी ऐकत होते. ढोल मिळाले, झांजा मिळाल्या, शिमग्यात पालखी नाचवतात तशी माणसं पालखी नसताना नाचू लागली. डफवाले चौघे आत शिरले. बाळ घेऊन उभा असलेला ताशेवाला बाळाच्या पायांनी ठेका धरत होता. माझ्या पत्रिकेतली पंधरा मिनिटं संपली, तीस संपली. त्यानंतरचे गायक, उमरठकडचे दोघे भाऊ, खुशाल नाचणाऱ्यांत होते. मी घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पाहिलं. पण कुणाला सांगितलं नाही.

सूर्य डोंगरामागे गेला तेव्हा बाजा थांबला. ताईच्या नव्या वहाणा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या आणि डाव्या हाताच्या बोटाला फोड आला होता. तिच्या मुलीने तो फुंकर घालून थंड केला.

निघताना मानकरी माझ्याकडे आले. "बाय, तुमचा नियम चार."

"खोडते," मी म्हणाले.

"खोडू नका. आग वाईटच. खाली लिहा, ताशासाठी सोडून. आणि बादलीवाला पायजे." आता ते हसले. मग त्यांनी देवाच्या नावाने आणलेला नारळ फोडून तुकडे वाटायला घेतले. एक तुकडा सासऱ्यांना दिला, एक ताशेवाल्याला. ताईच्या हातावर तुकडा ठेवताना त्यांनी विचारलं, अगदी सहज, सामान मोजता मोजता विचारावं तसं,

"शिमग्याला तुझ्या अंगणवाडीला सुट्टी असते काय गो?"

"एक दिवस असते."

"पालखी पाच दिवस फिरते."

"काढीन," ती म्हणाली.

तर धाकटे, हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्या मेमध्ये तुम्ही येणारच आहात, तेव्हा खाचरात बसाल. पण थोरल्या, तू आईला विचार, मार्चमध्ये तुमच्या शाळेला सुट्टी मिळेल का. मी इथे चौकशी करून ठेवली आहे. पालखी तिच्या अंगणात तिसऱ्या दिवशी येते.